शाई आणि साक्ष

संशयी : बेसबॉलचा चेंडू ही काही दुर्मीळ वस्तू नव्हे. पांढरं चामडं, लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके, आत बुचाच्या गाभ्यावर गुंडाळलेली लोकर. असे चेंडू दर हंगामाला लाखांनी लागतात आणि मातीत मळून बाद होतात. त्यातल्या एखाद्यावर बेब रुथसारख्या विख्यात खेळाडूने पेन टेकवलं की मात्र सगळा हिशेब बदलतो. १९३३ च्या पहिल्या ऑल-स्टार सामन्यात रुथने होम रन मारलेला आणि पुढे त्यानेच सही केलेला चेंडू २००६ साली ८ लाख ५ हजार डॉलरांना विकला गेला. आकड्याबद्दल माझी तक्रार नाही, ज्याच्याकडे आहे त्याने उधळावं. मला एवढंच विचारायचं आहे की हा पैसा नेमका कशाचा दिला. दोन चेंडू शेजारी ठेवा. दोन्ही एकाच काळातले, दोन्हींवर रुथची सही, फक्त एकावरची सही कुणा कसबी माणसाने अशी गिरवलेली की नुसत्या डोळ्यांना फरक कळू नये. गिऱ्हाईक एका चेंडूसाठी घर गहाण टाकेल आणि दुसरा फुकटही नेणार नाही. फरक डोळ्यांना दिसत नसेल तर तो चेंडूत नाही, चेंडूबद्दल सांगितल्या जाणाऱ्या हकिकतीत आहे. म्हणजे विकली जाते ती हकिकत, आणि हकिकत रचायला तर शाईसुद्धा लागत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एफबीआयने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची कारवाई केली. तिच्यात सॅन दिएगोच्या परिसरातली एक टोळी हाती लागली. एकजण जुन्यानव्या खेळाडूंच्या सह्या सराईत हाताने करायचा, बाकीचे त्यासोबत प्रमाणपत्रं जोडायचे आणि माल देशभर पाठवायचे. त्या मालात मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलही होते. हसू येतं खरं, पण असा चेंडू घेणारं कोणीतरी भेटेल या हिशेबानेच तो बनवला गेला होता. खेळ आणि करमणूक क्षेत्रातल्या वस्तूंच्या नावाने दर वर्षी १० कोटी डॉलरांहून अधिक किमतीचा बनावट माल खपतो, असा त्या वेळी एफबीआयचा अंदाज होता.

संग्राहक : मदर तेरेसांचा चेंडू तुम्ही माझ्याविरुद्ध आणलात, पण तो माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे. क्षणभर थांबून विचार करणारा माणूस तो हातातही धरणार नाही, कारण पारख सहीपासून सुरू होतच नाही. ती सुरू होते चेंडूपासून, आणि चेंडू आपलं वय स्वतःच सांगतो. अमेरिकन लीगच्या अधिकृत चेंडूवर कित्येक दशकं ‘रीच’ हे नाव असे आणि नॅशनल लीगच्या चेंडूवर ‘स्पॉल्डिंग’. (रीच कंपनी स्पॉल्डिंगने एकोणिसाव्या शतकातच विकत घेतली होती, म्हणजे दोन प्रतिस्पर्धी लीगना चेंडू पुरवणारा मालक एकच. पण ते असो.) १९७७ पासून चेंडू ‘रॉलिंग्ज’चे आले. १९७४ पर्यंत चामडं घोड्याचं असे, त्या वर्षापासून गाईचं आलं. शिवाय प्रत्येक चेंडूवर त्या वेळच्या लीग अध्यक्षाची सही छापलेली असे. अमेरिकन लीगमध्ये १९२७ पर्यंत बॅन जॉन्सन, मग १९३१ पर्यंत बार्नार्ड, तिथून १९५९ पर्यंत विल हॅरिज. पुढे १९८४ ते १९९४ बॉबी ब्राउन. रुथ गेला १९४८ च्या ऑगस्टमध्ये. तेव्हा बॉबी ब्राउनचा शिक्का असलेल्या चेंडूवर रुथची सही दिसली तर सहीकडे पाहायचं कारणच उरत नाही. पेनाचंही तेच. अमेरिकेत बॉलपेन बाजारात आलं १९४५ च्या अखेरीस. लू गेरिग १९४१ मध्येच वारला, त्यामुळे बॉलपेनने केलेली गेरिगची सही ही अशक्य गोष्ट. ‘शार्पी’ मार्कर तर १९६४ चा. अगदी सहीच्या रूपातही काळ लपलेला असतो. १९२० च्या दशकात बराच काळ रुथ आपल्या ‘बेब’ या टोपणनावाला अवतरणचिन्हं घालत असे, पुढे त्याने ती सोडून दिली. म्हणजे शिक्का एका काळाचा आणि अवतरणचिन्हं दुसऱ्या काळाची असली की कान टवकारायचे. बाजारातला निम्मा कचरा एवढ्यावरच बाहेर पडतो, आणि त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही, तारखांची यादी पुरते.

संशयी : तारखांची यादी नकलाकाराकडेही असते. तुम्ही सांगितलेली प्रत्येक कसोटी एवढंच सांगते की अमुक चेंडू खरा असणं अशक्य आहे. तमुक चेंडू खरा आहे, असं त्यातली एकही सांगत नाही. हॅरिजचा शिक्का असलेला कोरा जुना चेंडू शोधून विकत घेता येतो, जुनं फाउंटन पेनही मिळतं, आणि अवतरणचिन्हं कधी घालायची हे तुमच्याच पुस्तकांतून शिकता येतं. कचरा गेल्यावर जो निम्मा उरतो तोच धोकादायक, कारण तो सगळ्या सोप्या चाळण्यांतून पार झालेला असतो, आणि पार झाला म्हणूनच त्याची किंमत वाढते. तिथे तुम्हाला तज्ज्ञाच्या नजरेकडेच यावं लागतं. तज्ज्ञाची नजर घडते कशावर? याआधी खऱ्या मानल्या गेलेल्या सह्या हजारोंनी पाहून. आणि त्या सह्या खऱ्या आहेत हे कोणी ठरवलं? आधीच्या तज्ज्ञाने. सोनाराच्या कसोटीच्या दगडाला तरी स्वतः सोनं असावं लागत नाही. इथे कसोटीच सोन्याची केलेली, आणि तिच्यात पितळ मिसळलं आहे का हे तपासायला दुसरी कसोटी नाही. मिसळलं आहे असं मानायला कारणही आहे. कितीतरी संघांच्या क्लबहाउसमध्ये चेंडूंवर सह्या करून ठेवण्याचं काम तिथला नोकरमाणूस करत असे. खेळाडू दमलेले, चेंडूंचे डबे वाट पाहत पडलेले, आणि हा माणूस रोज त्यांच्या सह्या पाहणारा. त्याचा हात इतका बसलेला की खेळाडूलाही आपली सही वाटावी. असे चेंडू संघाने स्वतः आपल्या पाहुण्यांना दिले. मालकी निर्वेध, कागद निर्वेध, चेंडू त्याच काळातला, शाई त्याच काळातली, आणि हात भलत्याचाच. हे चेंडू नमुने म्हणून अभ्यासात शिरले असतील तर आजचा तज्ज्ञ रुथला ओळखतो आहे की रुथच्या क्लबहाउसमधल्या पोऱ्याला?

संग्राहक : आक्षेप गंभीर आहे, पण तुम्ही एक गृहीत धरलंत की नमुने चेंडूंवरूनच घेतात. तसं नाही. चांगला पारखी चेंडू चेंडूशी जुळवून पाहतच नाही, तो कागदाकडे जातो. खेळाडू टाय कॉबचे धनादेश आज मोठ्या संख्येने उपलब्ध आहेत. बँकेने ते वटवले, त्यांवर तारखा आहेत, छिद्रं पाडलेली आहेत. स्मृतिचिन्हांचा बाजार नावालाही नव्हता त्या काळात स्वतःच्या नुकसानीच्या भीतीने सही तपासणारा कारकून तिथे बसलेला होता. याहून निःस्वार्थी साक्षीदार कोणता? कॉबला हिरव्या शाईची आवड होती, हे आपल्याला आठवणींवरून नव्हे, अशा कागदांच्या ढिगावरून ठाऊक आहे. करारपत्रं, गहाणखतं, लष्करी नोंदी, मृत्युपत्रं या सगळ्यांतून हात ओळखता येतो. आणि हात ओळखणं म्हणजे अक्षरांचा आकार जुळवणं नव्हे. आकार कोणीही उचलतो. वेग उचलता येत नाही. स्वतःची सही करणारा माणूस अक्षरं काढत नाही, त्याचं पेन चामड्याला टेकण्याआधीच चालू लागलेलं असतं आणि उचलल्यावरही हवेत थोडं पुढे जातं. म्हणून खऱ्या सहीची सुरुवात आणि शेवट निमुळते होतात. नकला करणारा पेन टेकवतो, मग सुरुवात करतो, त्यामुळे तिथे शाईचा बारीकसा ठिपका साचतो. वळणावर तो मंदावतो, रेषा कापते, मध्येच पेन उचलून पुन्हा जोडलेलं दिसतं. दुसरी खूण याच्या उलट आहे. खऱ्या माणसाच्या दोन सह्या कधीच तंतोतंत सारख्या नसतात, आणि नकलाकाराच्या दहा सह्या एकमेकींच्या जुळ्या बहिणी असतात. टोळीने विकलेले चेंडू एकत्र ठेवले की हे उघड होतं. एकेकटा चेंडू फसवतो, वीस चेंडू बोलू लागतात.

संशयी : गिऱ्हाइकापुढे मात्र एकच चेंडू असतो. आणि तुमचा निःस्वार्थी कारकून मला मान्य आहे, पण त्याने पाहिलेली सही टेबलावर बसून, सपाट कागदावर, सावकाश केलेली होती. चेंडू गोल. तो डाव्या हातात धरायचा, शिवणीच्या दोन रेषा जवळ येतात त्या चिंचोळ्या पट्टीत नाव बसवायचं, भोवती पोरं ढकलताहेत, गाडी सुटायची आहे. टेबलावरची सही आणि ही सही एकाच माणसाच्या असूनही वेगळ्या दिसणार. आणि तुमच्याच नियमाने, हात कापल्याची खूण दिसली की ती नकली ठरणार! आता दुसरी गोष्ट. तुम्ही ज्या कागदांवर विसंबता, त्यांचं तुमच्याच बाजाराने काय केलं ते पाहा. बेसबॉलपटू जो जॅक्सनला लिहिता-वाचता जवळजवळ येत नव्हतं. त्याच्या नावाने ज्या सह्या मागितल्या जात त्या बहुतेक त्याची पत्नी केटी करून देई. त्यामुळे त्याची स्वतःच्या हातची सही अतिशय दुर्मीळ. १९९० साली त्याची एक सही २३ हजार डॉलरांना विकली गेली. ती कशी होती? एका कायदेशीर दस्तऐवजातून कात्रीने कापून काढलेला तुकडा. जो कागद ओरडून सांगत होता की ही सही अमुक दिवशी, अमुक व्यवहारात, अमुक लोकांसमोर झाली, तोच कापून फेकला आणि मुकी शाई तेवढी ठेवली. अशा कात्रणांना या धंद्यात रीतसर नाव आहे आणि त्यांचा स्वतंत्र बाजार आहे. जॅक्सनचं मृत्युपत्र अजून शाबूत आहे ते न्यायालयामुळे. त्याच्या पत्नीच्या पश्चात ज्या दोन धर्मादाय संस्थांना तिची मालमत्ता मिळाली, त्यांनी नव्वदच्या दशकात दक्षिण कॅरोलायनात दावा लावला की मूळ मृत्युपत्र आमच्या ताब्यात द्या, कारण त्यावरची सही ही मौल्यवान मालमत्ता आहे. न्यायालयाने नाही म्हटलं, हा सार्वजनिक दस्तऐवज आहे म्हणून. सगळीकडे असं नशीब नसतं. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीतल्या स्पॉल्डिंग संग्रहातून बेसबॉलच्या आरंभकाळातली कितीतरी पत्रं गहाळ आहेत. सहीचं मोल वाढलं तसतसे ती सही सिद्ध करणारे कागद कमी होत गेले. बाकीचे अनेक छंद आपल्या वस्तू जपतात. हा आपलाच पुरावा खातो.

संग्राहक : कात्रणांचा मी बचाव करणार नाही, ती रानटी चाल आहे. पण त्याच जॅक्सनचं दुसरं उदाहरण घ्या. १९११ सालचं, त्याच्या सहीचं एक छायाचित्र २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये १४ लाख ७० हजार डॉलरांना गेलं. तिथे कापाकापी नव्हती. छायाचित्र अखंड होतं आणि त्याचा काळ-वेळ सांगता येत होता. म्हणजे बाजार शिकतो आहे, अखंड पुराव्याला जास्त पैसे देतो आहे. आणखी एक दाखला: १९३९ च्या १२ जूनला कूपर्सटाउनला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेम या संग्रहालयाचं उद्‌घाटन झालं. तोवर निवडलेल्यांपैकी जिवंत असलेले अकरा जण त्या दिवशी तिथे होते, रुथ, कॉब, होनस वॅग्नर, साय यंग वगैरे. त्या अकरांच्या सह्यांचा एक चेंडू २०१८ साली ६ लाख डॉलरांच्या वर गेला. त्या चेंडूची ताकद अकरा सह्यांत आहेच, पण त्याहून अधिक या गोष्टीत आहे की तो मार्व्ह ओवेन या खेळाडूने जपला होता, आणि ओवेन त्या दिवशी तिथे होता. माणूस तिथे होता, हे अकरांपैकी कुठल्याही सहीचा आकार न पाहता सांगता येतं. मी ज्याला पारख म्हणतो ती हीच. शाई तपासा, चेंडू तपासा, पण शेवटी विचारा की हा इथवर कोणाच्या हातून आला.

संशयी : इथे आपण जवळ येतो आहोत, आणि म्हणूनच मला भीती वाटते. चेंडू कोणाकडून आला ही हकिकत सही गिरवण्यापेक्षा सोपी असते. ‘आजोबा यँकी स्टेडियमबाहेर पाव विकत असत’ हे वाक्य लिहायला हात बसवावा लागत नाही. आणि ज्याच्या शब्दावर शंकाच घेऊ नये असा माणूसही फसतो किंवा फसवतो. बॅरी हॅल्परचा संग्रह म्हणजे या छंदातलं देवस्थान. १९९९ साली सदबीजमध्ये त्याचा लिलाव झाला तो दोन कोटी डॉलरांच्या वर गेला, आणि त्यातला काही भाग त्याआधीच हॉल ऑफ फेमकडे पोहोचला होता. त्यात जो जॅक्सनची १९१९ सालची म्हणून एक जर्सी होती. पुढे तपासणीत तिच्यावर असा रंग सापडला जो त्या काळात अस्तित्वातच नव्हता. हॉल ऑफ फेमकडचीच, टाय कॉबची १९४६ ची म्हणून मिरवलेली डायरीही अखेर बनावट निघाली. जर्सीचा खोटेपणा उघडकीला आला तो कोणाच्या नजरेमुळे नव्हे, रसायनशास्त्रामुळे. चेंडूवरच्या सहीचा नमुना काढायचा तर सहीच खरवडावी लागेल, ते कोण करू देईल? म्हणून चेंडू नजरेच्या हवाली. नजरेचं भाडं कोण देतं तेही बघा. प्रमाणपत्राचं शुल्क बहुधा विकणारा भरतो. शुल्काचा दर सही करणाऱ्याच्या नावाप्रमाणे चढतो, रुथची पारख आजच्या एखाद्या पिचरच्या पारखीपेक्षा कितीतरी महाग, जणू रुथची सही पाहायला डोळे जास्त लागतात. आणि पत्रात लिहिलेलं असतं काय, तर ‘आमचं मत’. मत चुकलं तर जबाबदारी कोणाची, हे शोधायला वकील लागतो. लिलावातली बोलीही नेहमी निर्मळ असते असं नाही. या धंद्यातल्या एका बड्या लिलावसंस्थेच्या प्रमुखाने २०१३ साली न्यायालयात कबूल केलं की खोट्या बोली लावून भाव चढवले जात होते. जिथे किंमतही बनवता येते, तिथे किमतीचा पुरावा म्हणून उपयोग काय?

संग्राहक : म्हणूनच तर नजर आणि हकिकत दोन्ही बाजूला ठेवून तिसरा मार्ग काढला गेला, आणि तो तुमच्याच आक्षेपातून निघाला. सॅन दिएगो पॅड्रेसचा टोनी ग्विन, आठ वेळा फलंदाजीच्या सरासरीत लीगमध्ये पहिला आलेला माणूस, त्याला आपल्याच नावाच्या खोट्या सह्यांचा माल विक्रीला ठेवलेला दिसला. जिवंत खेळाडूच सांगतो आहे की ही माझी सही नाही, यापुढे कोणता तज्ज्ञ बोलणार? बुलपेनच्या धक्क्यानंतर २००१ पासून मेजर लीग बेसबॉलने स्वतःची योजना सुरू केली. तिचं तत्त्व साधं आहे, जे डोळ्यांसमोर घडलं नाही त्याला प्रमाणपत्र नाही. प्रत्येक सामन्याला माणूस हजर असतो, बहुतेक करून पोलिसातला किंवा पोलिसातून निवृत्त झालेला. सही त्याच्यासमोर होते, चेंडू त्याच्यासमोर मैदानातून येतो, तो तिथेच क्रमांकाचा होलोग्राम चिकटवतो. काढायला गेलं की फाटणारा. सही कशी दिसते हा प्रश्नच राहिला नाही. ती वाकडी असो की पुसट, ती समोर झाली. खेळाडूने घाईत नुसता फराटा ओढला तरी चालतं. तुमच्या कसोटीच्या दगडाची गरजच संपली.

संशयी : संपली, आणि तिच्याबरोबर सहीचीही संपली. मार्क मॅग्वायरचा ७० वा होम रन, १९९८. तेव्हाच्या चेंडूंवर आधीच गुप्त खुणा केलेल्या होत्या, त्यामुळे चेंडू तोच हे सिद्ध झालं, आणि १९९९ च्या जानेवारीत तो ३० लाख डॉलरांना गेला. शोहेई ओतानीने एका हंगामात ५० होम रन आणि ५० बेस चोरण्याचा पराक्रम केला, तो ५० वा चेंडू २०२४ मध्ये ४३ लाख ९२ हजार डॉलरांना गेला. यातल्या एकाचीही किंमत सहीवरून ठरली नाही. तुमच्या तत्त्वाने तेच योग्य. प्रसंग सिद्ध होत असेल तर शाई कशाला? आणि प्रसंग सिद्ध करणारा होलोग्राम हीसुद्धा एक छापील चकती आहे. २०२५ च्या जुलैत इंडियानामध्ये एका विक्रेत्याच्या ठिकाणांवर पोलिसांनी छापे घातले, तिथला आरोप नामांकित कंपन्यांचे होलोग्रामच बनावट केल्याचा होता. त्या विक्रेत्याच्या नावाने आलेल्या मजकुरात ४० लाखांवर वस्तू विकल्याचा दावा होता. तो आकडा सिद्ध झालेला नाही, आणि मी तो धरून बसत नाही. पण पूर्वी सहीची नक्कल करायला एक कसबी हात लागायचा, आता छापखाना पुरतो, एवढं तरी खरं. आणि साक्षीदारासमोर झालेल्या सहीत उरतं काय? हॉटेलच्या दालनात टेबल, एका बाजूला चेंडूंचे खोके, दुसऱ्या बाजूला रांग, दर सहीमागे ठरलेली रक्कम. १९९० मध्ये माजी खेळाडू पीट रोझ तुरुंगात गेला तो सह्या आणि स्मृतिचिन्हांतून मिळालेलं उत्पन्न करातून लपवल्याबद्दल. १९९५ मध्ये ड्यूक स्नायडर आणि विली मकोव्ही याच कारणाने दोषी ठरले. कर खात्याने तुमच्यासाठी निकालच दिला आहे की ही भेटीची खूण नाही, उत्पन्न आहे. रोझने तर ‘बेसबॉलवर पैज लावल्याबद्दल मला खेद आहे’ असं लिहून चेंडूंवर सह्या केल्या, विक्रीसाठी. कबुलीजबाबालाही दर लागला!

संग्राहक : रोझचा चेंडू स्वस्त मिळतो हे सांगायला विसरलात. त्याने आयुष्यभर इतक्या सह्या केल्या की पुरवठा संपत नाही. बॉब फेलरबद्दल तर गंमतीने म्हणतात की त्याची सही नसलेला चेंडू शोधा, तोच दुर्मीळ. हे मी मुद्दाम सांगतो, कारण तुम्ही किंमत आणि मोल यांची सतत सांगड घालता आहात. सर्वांत कोऱ्या, पांढऱ्याशुभ्र चेंडूला जास्त भाव मिळतो, सामन्यात मळलेल्याला कमी, हे मलाही खटकतं. पारखणाऱ्या संस्था एक ते दहा गुण देतात ते चेंडूच्या गोरेपणाला धरून. एकेकाळी लोकांनी सही टिकावी म्हणून चेंडूंवर लाखेचं रोगण चढवलं, ते वर्षांनी पिवळं-तपकिरी पडलं, आणि आज त्या प्रेमाची शिक्षा म्हणून त्या चेंडूंचे गुण कापले जातात. तरी सही मात्र निव्वळ उत्पन्न नव्हे. मिनेसोटाचा हार्मन किलब्र्यू तरुण खेळाडूंना बाजूला घेऊन सांगायचा की नाव नीट वाचता येईल असं लिहा, समोरच्या पोराला कळलं पाहिजे की कोण भेटलं. हा आग्रह पैशासाठी नव्हता. फराटा ओढला तरी होलोग्राम लागतो आणि किंमत तीच येते. किलब्र्यूला हवं ते होलोग्रामच्या हिशेबात बसत नाही, आणि मला हवं तेही बसत नाही. केटी जॅक्सनने नवऱ्यासाठी केलेल्या सह्यांचंच घ्या. पोस्टाने चेंडू पाठवणाऱ्या पोराला जॅक्सनच्या घरून, जॅक्सनच्या संमतीने उत्तर आलं. बाजार त्याला नकली म्हणतो. माझ्या लेखी बुलपेनच्या टोळीचा चेंडू आणि केटीचा चेंडू एका खणात बसत नाहीत.

संशयी : माझ्याही लेखी नाही. आणि खरं भांडण इथे आहे. तुमच्या धंद्यात खणच दोन, ‘खरी’ आणि ‘खोटी’. चित्रांच्या व्यापारात पाहा. तिथे ‘अमक्याच्या हातचं’, ‘अमक्याचं असावं’, ‘त्याच्या चित्रशाळेतलं’, ‘त्याच्या परंपरेतलं’ अशा पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरीला वेगळा भाव. क्लबहाउसमधला चेंडू म्हणजे चित्रशाळेतलं काम, केटीची सही म्हणजे अधिकृत प्रतिनिधीचं काम, कागदांशिवाय आलेला पण सगळ्या चाळण्यांतून उतरलेला रुथ म्हणजे ‘असावा’. तुम्ही सगळा वेळ मला शक्यता सांगितल्यात, चांगल्या शक्यता, आणि शेवटी पत्र देता ते मात्र खात्रीचं. ९० टक्के खात्रीचा चेंडू आणि ६० टक्के खात्रीचा चेंडू तुमच्या लिलावाच्या पुस्तकात शेजारी बसतात, एकाच शब्दाखाली. मला बनावट सह्यांपेक्षा हे जास्त अप्रामाणिक वाटतं, कारण बनावट करणाऱ्याला तरी ठाऊक असतं की आपण काय करतो आहोत.

संग्राहक : पारखणाऱ्या संस्था नाकारताना ‘क्लबहाउस’ किंवा ‘दुसऱ्याने केलेली’ असं कारण देतात, म्हणजे शब्द अगदीच नाहीत असं नाही. पण मान्य, ते नाकारतानाच. स्वीकारताना ‘असावी’ म्हणायची सोय नाही. समजा उद्या एका संस्थेने ती केली. तिच्या पत्रात ‘बहुधा रुथ’, शेजारच्या संस्थेच्या पत्रात ‘रुथ’. विकणारा कोणाकडे जाईल? प्रामाणिकपणाची पहिली पायरी चढणारा पहिल्याच महिन्यात गिऱ्हाइकं गमावेल.

संशयी : मग ज्याला विकायचंच नाही त्याने सुरुवात करावी. संग्रहालयाने. जर्सी आणि डायरी भोवल्यावर त्यांना तरी कारण आहे.

संग्राहक : संग्रहालयाला वस्तू मिळतात त्या दात्यांकडून, आणि अमेरिकेत दाता संग्रहालयाला वस्तू देतो तेव्हा तिच्या मूल्यांकनाएवढी करसवलत मागू शकतो. फलकावर ‘बहुधा’ लिहिणाऱ्या संग्रहालयाला तो चेंडू का देईल? शेजारच्या गावात दुसरं संग्रहालय आहेच.

संशयी : म्हणजे विकणाऱ्याला खात्री हवी, पारखणाऱ्याला हवी, देणाऱ्याला हवी, घेणाऱ्याला हवी. मग खात्री कमी असण्यात ज्याचा फायदा आहे असा एकच माणूस उरतो, विमा उतरवणारा. चेंडू जळाला तर पैसे त्याला मोजायचे आहेत. ६० टक्के खात्रीच्या रुथसाठी पूर्ण रुथचे पैसे मोजायला तो तरी का तयार व्हावा?

संग्राहक : तो तयार होतो, कारण हप्ताही पूर्ण रुथचाच घेतो. आणि किंमत मान्य करण्याआधी कागद मागतो. कोणता, तर त्याच पारखणाऱ्या संस्थेचं पत्र.